अंगठ्याच्या डोंगरावरून उतरताना

नाना,

तुम्ही एक खोटी गोष्ट मागे ठेवून गेलात आणि ती माझ्या नावावर आहे.

तेराव्याला पुष्पाताईंनी ती सगळ्यांसमोर सांगितली. चिपळूणहून आल्यापासून तुमची लेक माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. जेवणं उरकली, जयपुरातली आपली ओळखीची मराठी घरं सतरंजीवर टेकली आणि कोणीतरी तुमच्या मॉरिशसच्या प्रवासाचा विषय काढला. पुष्पाताई म्हणाल्या, "तिथल्या डोंगरावर नाना अडकून पडले होते. वृंदानं त्यांना खाली आणलं. नाना स्वतःच सांगायचे." मग पदर सारखा करून म्हणाल्या, "तेव्हा ही जवळ होती म्हणून वाचले. या वेळी जवळ कोणी नव्हतं."

 सुरेश पाण्याचा जग उचलून आत गेला. मी दाराची चौकट धरून उभी होते. पुष्पाताईंच्या बोलण्यातलं पहिलं खोटं होतं आणि शेवटचंही, आणि पहिलं खोडायचं तर तुम्हाला खोटं पाडावं लागणार होतं. तुमच्या तेराव्याला, तुमच्या फोटोसमोर.

पुढे काय झालं ते सांगते. त्याआधी आपण दोघांनी जे पुन्हा कधी काढलं नाही ते एकदा बोलून घेऊ. आता तुम्ही विषय अर्धवट टाकून झालान्याच्या रस्त्यानं फिरायला निघून जाऊ शकत नाही.

आपलं बिनसलं ते आमेरला, असं तुम्ही धरून चालला होतात. माझ्या हिशेबी ते आधीच बिनसलं होतं. राजापूरच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून तुम्ही निवृत्त झालात आणि सासूबाई गेल्यावर मुलाच्या बदलीमागे जयपूरला आलात. सुरेश बँकेत, आमची मानसी शाळेत. बापूनगरच्या त्या भाड्याच्या घरात दिवसभर तुम्ही पुढच्या खोलीत आणि मी मागच्या. मग झालान्याजवळच्या एका शाळेत गणिताची जागा निघाली. नव्या सत्रापासून याल का, असं त्यांनी मला विचारलं. मी जेवताना सांगितलं तेव्हा तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "घराला कुलूप घालून बाई कामाला गेली की घराचं लॉज होतं."

मी म्हटलं, "तुम्ही घरात असताना कुलूप कशाला घालायचं?"

तुम्ही ताक मागितलंत. तुमचा युक्तिवाद एवढाच. त्यानंतर तुम्ही दुसरं कारण दिलं नाहीत आणि पहिलं मागेही घेतलं नाहीत.

आमेरची गोष्ट त्या हिवाळ्यातली. मानसीला सुट्टी होती म्हणून आपण तिघं बसनं गेलो. किल्ला बघून झाला तर तुम्हाला जयगडही चढायचा होता. अर्ध्या चढावर तुम्ही एका दगडावर बसलात. ओठ निळसर झाले होते आणि थंडीत कपाळावर घाम. मानसी पुढे पळाली होती. तुम्ही दम घेत म्हणालात, "सुरेशला सांगायचं नाही." मी काही बोलले नाही. त्याला तुम्ही होकार समजलात. मी संध्याकाळीच सुरेशला सांगितलं, आणि आज पुन्हा तशी वेळ आली तरी सांगेन. डॉक्टर झाले, छातीची पट्टी निघाली, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आल्या, चढ-उतार बंद झाले. आणि तुमचं माझ्याशी बोलणंही. "मानसी, आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे." मी समोर वाढत असायची. मानसीला आधी गंमत वाटली, मग तीही कंटाळली. "आजोबा, मतलब मी पोस्टमन आहे का?" असं तिनं एकदा विचारलं तेव्हा तुम्हाला हसू आलं होतं. मी पाहिलं होतं.

आणि नेमकं तेव्हा मॉरिशसचं ठरलं.

लता आपल्याला गणपतीत भेटली होती. मॉरिशसची मुलगी, जयपूरला शिकायला आलेली. प्रसाद घेताना ती अडखळत म्हणाली, "माझी आवस पण असेच मोदक करते." तुमच्या हातातलं ताम्हन हललं. आईला आवस म्हणणारी तुमची आजी गेल्यापासून तो शब्द तुम्ही ऐकला नव्हता, आणि आता तो समुद्रापलीकडून आलेल्या पोरीच्या तोंडी होता. पुढच्या मे महिन्यात तिच्या बहिणीचं लग्न होतं. तिनं सहज म्हटलं, "नाना, या ना." आणि तुम्ही खरंच जायला निघालात.

कारण धोंडू. तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ. मुंबईला जातो म्हणून गेला आणि मिरच बेटावर, म्हणजे मॉरिशसला, ऊस तोडायला जाणाऱ्या जहाजात चढला. तो परत आला नाही, मेल्याची खबरही आली नाही. त्यामुळे तुमच्या घरात त्याच्या नावानं कधी पाणी सुटलं नाही. हे सगळं तुम्ही सुरेशला सांगत होतात आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

सुरेशला रजा मिळेना. तो म्हणाला, "नाना, एकटे तुम्ही जायचं नाही. वृंदा येईल." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे. दोघांनाही ते नको होतं आणि दोघांनाही नाही म्हणता आलं नाही.

सवाई माधोपूरला गाडी बदलताना तुम्ही तुमची बॅग मला उचलू दिली नाहीत. विमानात तुम्हाला पट्टा लावता येईना. मी हात पुढे केला तर तुम्ही पलीकडच्या गुजराती गृहस्थांना विनंती केलीत. त्यांनी विचारलं, "ये आपकी बेटी हैं?" तुम्ही म्हणालात, "लड़के ने साथ भेजा है." मी खिडकीबाहेर बघत राहिले. जिभेखालच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या. तुम्हाला ते माहीत होतं आणि त्याचाच तुम्हाला जास्त राग होता.

ते बेट मात्र, नाना, तुम्ही मला दाखवलंत. माझ्याशी न बोलता दाखवलंत, पण दाखवलंत. लताचे वडील, सीतारामभाऊ, आपल्याला त्यांच्या जुन्या गाडीतून फिरवायचे. तुम्ही पुढे त्यांच्याशेजारी, मी मागे. क्युरपिपला तो विझलेला ज्वालामुखी पाहायला गेलो. मोठ्या परातीसारखा खोलगट खड्डा, आतून सगळीकडे झाडं उगवलेली, तळाशी थोडं पाणी. तुम्ही सीतारामभाऊंना सांगत होतात, "हे सगळं बेट इथून आणि अशाच तोंडांमधून बाहेर पडलंय. तापलेला रस वर आला, थिजला, पुन्हा आला. आमचा सह्याद्री असाच झाला. म्हणून इथला दगड काळा, आमचाही काळा. धोंडूला उतरल्यावर दगड तरी ओळखीचा वाटला असेल." मी दोन पावलं मागे उभी राहून ऐकत होते. तुम्ही इतकं सुंदर शिकवता हे मला एवढी वर्षं एका घरात राहून ठाऊक नव्हतं.

पोर्ट लुईच्या बंदरात तो घाट आहे, जिथे आपली माणसं जहाजातून उतरवत. दगडी पायऱ्या, बाजूनं मोटारींचा रस्ता. तुम्ही चपला काढल्यात आणि चढून गेलात. मग खाली आलात आणि पुन्हा चढलात. येणारेजाणारे बघत होते. सीतारामभाऊ मला हळूच म्हणाले, "आमी लहानपनापास्नं हितनं जातो. चपला काडाव्या असं कदी आलं नाय मनात."

पश्चिमेला समुद्रात घुसलेला मोठा कडा त्यांनी दाखवला. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर लपून राहायचे. शिपाई येताना दिसले तेव्हा त्यांनी उड्या टाकल्या, असं तिकडे सांगतात. शिपाई म्हणे गुलामी संपल्याची बातमी द्यायला येत होते. तुम्ही विचारलंत, "उड्या टाकल्या की पडले?" सीतारामभाऊ म्हणाले, "कोन बगायला व्हता नाना?" तुम्ही बराच वेळ त्या कड्याकडे पाहत होतात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

लग्न झालं. झांजांवर नाच झाला, त्यातली गाणी तुम्हाला येत होती आणि तुम्ही त्यांच्यात बसून म्हटलीत. धोंडूचा मात्र माग लागला नाही. सीतारामभाऊंनी म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं. एवढंच कळलं, की मोका गावाच्या अंगाला उसाच्या मळ्यांवर आपली काही माणसं होती आणि ती पुढे पांगली. आणि त्या मळ्यांच्या वर तो डोंगर. मुठीतून अंगठा वर काढावा तसं शेंड्यावर उभं टोक असलेला. तिथले लोक त्याला अंगठाच म्हणतात. सीतारामभाऊ बोलून गेले, "वरनं एकीकडं बंदर दिसतं नि एकीकडं मळं." मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रात्री पर्समधल्या गोळ्या मोजून ठेवल्या.

सकाळी तुम्ही कॅनव्हासचे बूट घालून तयार होतात. खिशात कागदाची पुडी. मी लताच्या आईला विचारलं, तर म्हणाली, नानांनी काळे तीळ मागून घेतले.

उसातून वाट होती, मग झाडी. तुम्ही सावकाश चालत होतात, थांबत होतात, मला बरं वाटायला लागलं होतं. डोंगराच्या खांद्यावर पोचलो तेव्हा वारा होता आणि खाली पोर्ट लुई, जहाजं, समुद्र, सगळं लख्ख दिसत होतं. सीतारामभाऊंचा गुडघा दुखत होता, ते तिथंच गवतावर बसले. वरचं टोक अजून बाकी होतं. तिथं वाट नव्हती, नुसता खडक, मुळं आणि दोन्हीकडे रिकामं.

मी म्हटलं, "इथून दिसतंय की बंदर. इथंच बसू."

तुम्ही सीतारामभाऊंना म्हणालात, "बाईंना म्हणावं, बसा इथं."

"नाना, मी तुमच्याशी बोलतेय."

"आणि मी त्यांच्याशी."

सीतारामभाऊ बिचारे दोघांकडे बघत राहिले. म्हणाले, "नाना, ढग येतोय त्या अंगानं. नगं."

"मळे इथून दिसत नाहीत," तुम्ही म्हणालात आणि निघालात.

मी पुढे होऊन तुमची वाट अडवली. "तुम्हाला वर काही झालं तर सुरेशला मी काय सांगू?"

कित्येक महिन्यांनी तुम्ही थेट माझ्याकडे पाहिलंत. "सांगण्यात तू पटाईत आहेस," म्हणालात, आणि मला बाजूला सारून खडकाला हात घातलात.

ते वाक्य मला लागलं. मी परत फिरले असते तर कोणी मला दोष दिला नसता. पण गोळ्या माझ्याकडे होत्या. मी पर्स गळ्यात अडकवली, साडीचा काचा मारला आणि तुमच्या मागून चढले. तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत. तुमचे पाय कुठे पडतात ते पाहून मी पाय टाकत होते. वरून तुमच्या श्वासाचा आवाज येत होता आणि मी तो ऐकत होते, बदलतो का, अडकतो का.

माथ्यावर आपल्या पुढच्या खोलीएवढीही जागा नव्हती. आणि आपण पोचलो तेव्हा ढग पोचला. बंदर गेलं, मळे गेले, सीतारामभाऊ बसले होते तो खांदा गेला. सगळं पांढरं. तुम्ही उभे राहून त्या पांढऱ्याकडे बघत होतात. मला वाटलं, आता तुम्ही चिडाल किंवा रडाल. तुम्ही खाली बसलात. पुडी सोडलीत, तळहातावर तीळ घेतले आणि हात माझ्याकडे केलात. मी बाटलीतलं पाणी ओतलं. तुम्ही गोत्र म्हटलंत, धोंडूचं नाव घेतलंत, आणि त्या नावापाशी तुमचा आवाज फुटला. वाऱ्यानं तीळ माझ्या पदरावर उडाले. मी ते झटकले नाहीत. त्या वेळी माझा तुमच्यावरचा सगळा राग कुठे गेला होता ते मला माहीत नाही. उतरायला लागल्याबरोबर तो परत आला, हे बरं झालं.

चढताना खडक डोळ्यांसमोर असतो. उतरताना पायाखाली काय आहे ते पायालाच शोधावं लागतं. तुम्ही पुढे उतरलात. मी खडकाकडे तोंड करून एक पाय खाली सोडला, तो काही टेकेना. खाली पाहिलं तर पाऊल दिसत होतं आणि त्याच्याखाली काही नव्हतं. पाय थरथरायला लागला. मी तो वर ओढून घेतला आणि खडकाला मिठी मारली. नाना, त्या कड्यावरून पडलेली माणसं मला दिसायला लागली. मानसी दिसली.  कसंबसं म्हटलं, "नाना, मला जमत नाही."

 खालून दगड घरंगळल्याचा आवाज आला, आणि तुम्ही परत वर येत होतात. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलेले तुम्ही.

"उजवा पाय खाली सोड," माझ्या खालूनच आवाज आला.

"टेकत नाही."

"खाली माझा हात आहे. त्याच्यावर ठेव."

मी तशा अवस्थेतही म्हटलं, "तुम्हाला पाय कसा लावू?"

"लाव. नमस्कार खाली गेल्यावर कर."

मी पाय सोडला. तुमच्या तळहातावर टेकला. तुम्ही तो धरून हळू खाली नेलात आणि एका खाचेत बसवलात. पण दुसरा पाय सुटेना. मी रडायला लागले होते. तेव्हा तुम्ही तुमच्या मास्तरी आवाजात म्हणालात, "वर्गभर पोरांना ही शिकवणार म्हणे."

"शिकवीन."

"आवाज पोचेल का मागच्या बाकापर्यंत? इथं मला ऐकू येत नाहीये."

"पोचेल."

"डावा पाय. मानसी घरी येईल तेव्हा कोण असणार?"

"तिच्या वेळेलाच मी येणार. हे मी शंभरदा सांगितलंय."

"मला नाही सांगितलंस."

"तुम्ही ऐकायला थांबलात कधी?"

"आता थांबलोय. बोल. उजवा पाय."

आणि मी बोलले. खडकाला गाल लावून, जे कित्येक महिने तोंडात अडकलं होतं ते सगळं बोलले. की माझी पदवी ट्रंकेत पडून आहे. की या घरात मला हाक फक्त चहासाठी येते. की तुमची सून होऊन मी तुमच्या चष्म्याचा नंबर सांगू शकते, पण तुम्ही माझा विषय कोणता होता ते सांगू शकणार नाही. "गणित," तुम्ही खालून म्हणालात. "डावा पाय." प्रत्येक वेळी पाऊल तुमच्या हातावर येत होतं आणि प्रत्येक वेळी तुमचा दम जास्त लागत होता. मग तुम्ही म्हणालात, थांबत थांबत,

"आणि मी? दहा ते पाच मी कोणाशी बोलू, त्या गावात?"

मी थांबले. माझा पाय तुमच्या हातावर होता. 

"पाय," तुम्ही म्हणालात. "पुढचा पाय सोड."

खाली गवत लागलं तसे तुम्ही बसलात. ओठ पुन्हा आमेरसारखे. मी गोळी तुमच्या जिभेखाली ठेवली आणि तुमचा हात हातात धरून बसले. खालून ढगातून सीतारामभाऊ हाका मारत होते, त्यांना ओ द्यायलाही माझी हिंमत होईना, जणू माझ्या ओरडण्यानं तुमचं काही बिघडेल. तुमच्या तळहातांवर माझ्या बुटांचा चिखल होता आणि चिखलाखाली सोललेलं होतं. तुमचा रंग परत यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मी तेवढ्या वेळात सुरेशला काय सांगायचं त्याची वाक्यं मनात जुळवली होती, तुम्ही गेलात तर सांगायची. ती पुढे खऱ्याखुऱ्या दिवशी मला एकही आठवली नाहीत.

तुम्ही डोळे उघडलेत तेव्हा मी विचारलं, "वर म्हणालात ते खरं?"

"काय म्हणालो?"

"कोणाशी बोलू म्हणून."

"तुला चालती करायची होती," तुम्ही म्हणालात. "अशा वेळी काहीतरी बोलत राहावं लागतं."

मी तुमच्या पाया पडले. तुम्ही "पुरे" म्हणालात, पण माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

जयपूरला परत आलो तेव्हा उन्हाळ्याची भाजणारी लू वाहत होती. सुरेशनं दारातच विचारलं, "सगळं ठीक झालं ना?" मी तोंड उघडण्याआधी तुम्ही म्हणालात, "मी डोंगरावर अडकलो होतो. हिनं उतरवलं." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही डोळ्यांनी मला गप्प केलंत. मग ते तुम्ही मानसीला सांगितलंत, शेजारी सांगितलंत, पुष्पाताई दिवाळीला आल्या तेव्हा त्यांना सांगितलंत, आणि दर वेळी ती गोष्ट जास्त चांगली होत गेली. मी एकदा एकांतात विचारलं, "खोटं का सांगता?" तुम्ही म्हणालात, "कोण अडकलं ते सांगणाऱ्यानं ठरवायचं."

मी अजून विचार करते. सुनेचे पाय हातात घेतले हे तुम्हाला कोणाला सांगवत नव्हतं का? की मला नोकरीला पाठवायला तोंडानं हो म्हणणं जड जात होतं, म्हणून ही वाट? कारण त्या गोष्टीनंतर माझ्या शाळेबद्दल घरात कोणी हूं की चूं केलं नाही. तुम्हीसुद्धा. तुम्ही कधी हो म्हणाला नाहीत एवढंच. पहिल्या दिवशी मी निघाले तर तुम्ही माझ्याआधीच बाहेर येऊन उभे होतात. "कुलूप लाव," म्हणालात. "मी माथुरजींकडे बसतो."

समोरचे माथुरजी, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या अंगणातल्या खाटेवर तुम्ही तुमच्या त्या हिंदीत बोलायचात, ज्यात निम्मी क्रियापदं मराठी असायची. शीतळामातेच्या मेळ्याला तुम्ही दोघं मला न सांगता बसनं चाकसूला जाऊन आलात आणि धुळीनं माखून परतलात, तेव्हा मी तुम्हाला रागावले आणि तुम्ही ऐकून घेतलंत. संध्याकाळी मी आले की विचारायचात, "आज काय शिकवलंस?" मी फळ्याविना शिकवायची, तुम्ही चुका काढायचात. भांडणं तेव्हाही झाली. पण ती समोरासमोर झाली.

आणि मग त्या सकाळी शाळेत निरोप आला. मी पोचले तेव्हा तुम्ही माथुरजींच्या खाटेवर होतात, शांत, चष्मा त्यांच्या हातात. चहा अर्धा प्यालेला होता.

आता तेराव्याचं सांगते. सुरेश आत गेला होता, पुष्पाताई माझ्याकडे बघत नव्हत्या. कोपऱ्यात माथुरजी बसले होते. त्यांना मराठी येत नाही, पण मॉरिशस आणि डोंगर एवढं त्यांना कळलं. त्यांनी शेजाऱ्याला विचारून घेतलं आणि मोठ्यानं म्हणाले, "नहीं, नहीं. ये तो उल्टी बात है. उतारा तो उन्होंने था. बहूजी को. मुझे कितनी बार सुनाया है. कहते थे, घर में उल्टा बताया है, आप किसी से कहना मत." मग कानाला हात लावला. "आज मैंने कह दिया. उस सुबह भी मेरे पास यही सुना रहे थे. सुनाते-सुनाते ही गए."

पुष्पाताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सुरेश दारात येऊन उभा राहिला होता. मग मी खाली बसले आणि सांगितलं. ढग, तीळ, धोंडूचं नाव, माझा थरथरणारा पाय, तुमचे हात.  मानसी म्हणाली, "मतलब आई, तू घाबरली होतीस?" मी म्हटलं, "हो. आजोबापण. पण ते बोलत राहिले."

पुष्पाताई म्हणाल्या, "नानांनी तुझे पाय हातावर घेतले?"

"घेतले."

"माझ्या लग्नात जावयाचे पाय धुताना त्यांना जड गेलं होतं," त्या म्हणाल्या. "आई सांगायची." मग डोळे पुसून उठल्या आणि माथुरजींना विचारलं, "भाईसाहब, आप चाय लेंगे?" माझ्या जवळून जाताना म्हणाल्या, "उद्यापासून शाळेत जाणार ना? सकाळचा डबा मी करते. इथं आहे तोवर."

सगळं सांगितलं, नाना, पण ते एक वाक्य सांगितलं नाही. दहा ते पाच मी कोणाशी बोलू. माथुरजींना मी नंतर एकटं गाठून विचारलं, माझ्या नोकरीबद्दल नाना काही म्हणायचे का? ते आठवू लागले. मग म्हणाले, "नहीं बेटी. पहाड़ की ही बात करते थे." त्यामुळे तुम्ही ते मनापासून म्हणालात की मला चालती करायला, ते आता मला कधी कळणार नाही.

मनापासून म्हणाला असाल असं धरून उत्तर देते. त्या खडकावर मला ते सुचलं नव्हतं. नाना, दहा ते पाच मलाही कोणाशी बोलता येत नव्हतं. तुम्ही पुढच्या खोलीत होतात आणि मी मागच्या, मध्ये एक दार होतं आणि ते उघडंच असायचं. तरी आपण दोघं तिथं एकेकटेच होतो. मी बाहेर पडले, तुम्ही बाहेर पडलात, आणि मग संध्याकाळी आपल्याकडे एकमेकांना सांगायला काहीतरी असायचं.